रक्तातून कॅन्सरचं म्युटेशन शोधणं: ‘सापडलं नाही’ असा रिपोर्ट आला तर काय समजायचं?

सोनचाफा_पंचवटी

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते, कारण इथे लॅबमध्ये काम करणारे आणि डॉक्टर असे दोन्ही सदस्य आहेत.

माझ्या आत्याला फुप्फुसाचा कॅन्सर आहे, ॲडेनोकार्सिनोमा नावाचा प्रकार. तंबाखू, मिश्री कशालाच तिने आयुष्यात हात लावलेला नाही. निदानाच्या वेळी गाठीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी झाली, त्यात ईजीएफआर जनुकाच्या एक्झॉन १९ या भागात डिलीशन (तुकडा गळालेला), असं म्युटेशन म्हणजे जनुकातला बदल निघाला आणि त्यावर चालणारी जेफिटिनिबची रोज एक गोळी सुरू झाली. गुण इतका छान आला की आत्या पुन्हा गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात पिशवी घेऊन जायला लागली होती.

आताच्या सीटीत जुनी गाठ वाढलेली दिसतेय आणि त्याच फुप्फुसात एक नवा ठिपका आहे. मेंदू, यकृत, हाडं स्वच्छ आहेत. ऑन्कोलॉजिस्ट म्हणाले की गोळीला दाद न देणारं टी७९०एम नावाचं नवं म्युटेशन आलंय का ते बघू. त्यासाठी एकतर पुन्हा सुई घालून तुकडा घ्यायचा, नाहीतर आधी रक्तावर तपासणी करून बघायची. आत्या सुईला अजिबात तयार नाही. ‘सुई लावली की पसरतो’ हे तिच्या मनात घट्ट बसलंय, आणि घरातले निम्मे लोकही तेच म्हणतात.

त्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर रक्तात फिरणाऱ्या कॅन्सर पेशी पकडणाऱ्या तपासणीची माहिती फिरतेय. ती आणि डॉक्टर म्हणतात ती तपासणी एकच का? आणि रिपोर्टमध्ये म्युटेशन ‘सापडलं नाही’ असं आलं तर ते नाहीच असं धरून चालायचं का?

सूक्ष्मदर्शी

ताई, मी मॉलिक्युलर लॅबमध्ये काम करते. आत्यांचे उपचार त्यांचे डॉक्टरच ठरवतील, पण तपासणीत नेमकं काय घडतं ते सांगू शकते.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. रक्तात कॅन्सरच्या अख्ख्या, जिवंत पेशी फिरतात. शिवाय मेलेल्या कॅन्सर पेशींमधून सुटलेले डीएनएचे बारीक तुकडेही फिरत असतात. डॉक्टर म्हणतायत ती बहुधा या तुकड्यांवरची तपासणी आहे. ग्रुपवरची माहिती पेशींची दिसतेय.

पेशींची गोष्ट जुनी आहे. १८६९ साली मेलबर्नच्या थॉमस ॲशवर्थ या डॉक्टरने कॅन्सरने मरण पावलेल्या एका रुग्णाच्या रक्तात गाठीतल्यासारख्याच पेशी पाहिल्या आणि तसं छापलंही. ती प्रत्यक्ष वापरात यायला पुढे सव्वाशेहून अधिक वर्षं गेली, कारण या पेशी अतिशय विरळ असतात. १ मिलिलिटर रक्तात साधारण ५०० कोटी तांबड्या आणि ४० लाख ते १ कोटी पांढऱ्या पेशी असतात. कॅन्सर पसरलेल्या रुग्णातही साडेसात मिलिलिटर रक्तात कॅन्सरच्या पेशी बऱ्याचदा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच भेटतात. २००४ साली अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने सेलसर्च या यंत्राला मंजुरी दिली. ते ईपीकॅम नावाच्या प्रथिनाला चिकटणाऱ्या चुंबकीय कणांनी या पेशी ओढून घेतं आणि मग मोजतं. पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये साडेसात मिलिलिटरमध्ये ५ किंवा जास्त पेशी म्हणजे आजार जास्त आक्रमक, असा तो निकष आहे.

पण कॅन्सरची पेशी गाठीतून सुटून रक्तात शिरताना बऱ्याचदा रूप पालटते आणि अंगावरचं ईपीकॅम कमी करते. मग चुंबक तिला पकडणार कसा? शिवाय नुसती पेशी मोजून कुठली गोळी लागू पडेल ते कळत नाही. म्हणून पेशीच्या आतलं म्युटेशन वाचायची कल्पना पुढे आली. २००८ साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या गटाने फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या रक्तातून अशा पेशी पकडून त्यात ईजीएफआरची म्युटेशन्स वाचून दाखवली. त्यात हेच टी७९०एमसुद्धा होतं.

अडचण अशी की एका पेशीत डीएनए असतो जेमतेम ६ पिकोग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले सहा. तेवढ्यावर तपासणी होत नाही, म्हणून आधी त्याच्या प्रती काढून तो वाढवावा लागतो. जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. वाढवताना त्यातली एकच वाढते आणि दुसरी हरवते, असं वारंवार होतं. हरवली ती नेमकी म्युटेशन असलेली असेल तर पेशी हातात असूनही म्युटेशन दिसत नाही. शिवाय चुकून एखादी पांढरी पेशी सोबत आली तर तिचा निरोगी डीएनए मिसळतो. म्हणून एकाच पेशीच्या निकालावर भिस्त ठेवत नाहीत, दोनतीन पेशींत तेच म्युटेशन दिसलं की मग विश्वास वाटतो.

डीएनएच्या तुकड्यांचं पुढच्या प्रतिसादात लिहिते. फोनवरून टाइप करतेय.

निफाडकर

सोनचाफाताई, माझ्या वडिलांच्या वेळी (मोठ्या आतड्याचा होता) आम्हीही याच गोंधळात होतो. आमचा पहिला नमुना फुकट गेला. घरी येऊन ज्याने रक्त घेतलं त्याने साध्या जांभळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये घेतलं, दुपारभर बॅगेत राहिलं, दुसऱ्या दिवशी कुरिअर झालं. रिपोर्ट आला ‘डीएनएचा दर्जा अपुरा’. पैसे परत मिळाले नाहीत ते वेगळंच, आठवडाही वाया गेला. लॅबचं नाव घेत नाही, पण रक्त घेताना समोर उभं राहून ट्यूब बघा.

सूक्ष्मदर्शी

निफाडकर, फार कामाचं सांगितलंत. सगळ्यांनी हे लक्षात ठेवा.

या तपासणीसाठी वेगळी ट्यूब असते, बहुतेक ठिकाणी तिला स्ट्रेक ट्यूब म्हणतात. तिच्यातलं द्रव्य पांढऱ्या पेशींना फुटू देत नाही. जांभळ्या बुचाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये रक्त घेतलं तरी चालतं, पण मग चारसहा तासांत प्लाझ्मा (पेशी काढल्यावर उरणारा रक्ताचा पातळ भाग) वेगळा करायला हवा. उशीर झाला की पांढऱ्या पेशी फुटतात, त्यांचा निरोगी डीएनए प्लाझ्मात उतरतो आणि कॅन्सरचा आधीच थोडका असलेला डीएनए त्यात बुडून जातो. स्ट्रेक ट्यूब भरल्यावर लगेच आठदहा वेळा अलगद उलटसुलट करायची. हलवायची नाही, घुसळायची नाही. फ्रीजमध्येही टाकायची नाही. ६ ते ३७ अंश तापमानात ती दोन आठवडे टिकते. नाशिकची हवा चांगली म्हणून गाफील राहू नका, एप्रिल-मे मध्ये उन्हातल्या गाडीच्या डिकीत ३७ कधीच ओलांडलेले असतात.

आता डीएनएचे तुकडे. रक्तात सुटा डीएनए असतो हे १९४८ मध्येच मांडेल आणि मेते या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवलं होतं. तो निरोगी माणसातही असतो, बहुतेक पांढऱ्या पेशींकडून आलेला. तुकडे साधारण १६६ अक्षरांचे असतात आणि दोनेक तासांत निम्मे नाहीसे होतात, म्हणून रक्तातलं चित्र त्या दिवसापुरतं ताजं असतं. कॅन्सर असेल तर या साठ्यात गाठीकडून आलेला थोडा वाटा मिसळतो. कधी दहा टक्के, कधी हजारात एक, कधी त्याहूनही कमी.

तो वाटा शोधायची एक पद्धत म्हणजे डिजिटल पीसीआर. नमुना सुमारे २०,००० सूक्ष्म थेंबांत वाटतात आणि कुठल्या थेंबात म्युटेशन उजळतंय ते मोजतात. शोधायचं म्युटेशन आधीच माहीत असेल तर ही पद्धत उत्तम. दुसरी पद्धत सीक्वेन्सिंगची, त्यात अनेक जनुकं एकदम वाचतात. २०१६ मध्ये एफडीएने ईजीएफआरसाठीच्या कोबास या रक्ततपासणीला मंजुरी दिली, गोळी निवडण्यासाठी मान्य झालेली ती पहिली रक्ततपासणी.

आता ‘सापडलं नाही’चा हिशेब. १० मिलिलिटर रक्तातून चारेक मिलिलिटर प्लाझ्मा निघतो. मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅम धरले तर हातात २० नॅनोग्रॅम डीएनए. एका नॅनोग्रॅममध्ये जनुकाच्या साधारण ३०० प्रती असतात, म्हणजे एकूण ६,००० प्रती. म्युटेशनचं प्रमाण हजारात एक असेल तर आख्ख्या नमुन्यात त्याच्या सहा प्रती येणार. दहा हजारात एक असेल तर एकही नाही आली तरी नवल नाही, मग यंत्र कितीही महागडं असो.

निफाडकर

आता लक्षात आलं. लासलगावला ट्रॉलीतले वरचे चार कांदे बघून व्यापारी भाव सांगतो, सडका कांदा खाली असेल तर त्या चारांत तो दिसत नाही, तसं हे.

देवळाली_कॅम्प

मी छातीविकार पाहतो. वरची माहिती बरोबर आहे, त्यात व्यवहारातली भर घालतो.

टी७९०एमच्या बाबतीत गाठीच्या तुकड्यात ते असूनही सुमारे ३० टक्के रुग्णांत रक्तात सापडत नाही. आणि आत्यांसारखा आजार फक्त छातीत असेल तर चुकण्याची शक्यता आणखी वाढते, कारण यकृतात-हाडांत पसरलेला आजार रक्तात जास्त डीएनए सोडतो. म्हणून रिपोर्ट आला की पहिली नजर टी७९०एमच्या ओळीवर टाकू नका. आधी एक्झॉन १९च्या डिलीशनची ओळ बघा. ते म्युटेशन आत्यांच्या गाठीत आहेच, ते सिद्ध झालंय. ते रक्तात दिसलं आणि टी७९०एम दिसलं नाही, तर ‘नाही’ला काही वजन आहे. दोन्ही दिसली नाहीत तर त्या ट्यूबमध्ये गाठीचा डीएनए पोचलाच नव्हता, असा अर्थ. तेव्हा रिपोर्टने काहीच सांगितलेलं नसतं आणि तुकडा घ्यावाच लागतो. टी७९०एम सापडलं तर मात्र सुईची गरज नाही, डॉक्टर टी७९०एमवरही चालणाऱ्या ओसिमर्टिनिब या गोळीचा विचार करतील.

सुईने पसरण्याबद्दल. सुईच्या वाटेवर पेशी रुजणं हे फुप्फुसाच्या बाबतीत अत्यंत दुर्मीळ आहे. खरा धोका फुप्फुसाला छिद्र पडून हवा साठण्याचा, आणि तो आम्ही लगेच एक्स-रे काढून बघतो. बहुतेकदा काही करावं लागत नाही, क्वचित नळी घालावी लागते. आत्यांना हे शांतपणे, शक्यतो डॉक्टरांच्या तोंडूनच ऐकू द्या. भीतीपोटी तुकडा टाळून आंधळेपणाने औषध बदललेले रुग्ण पाहिलेत, त्यात नुकसान रुग्णाचंच होतं.

सातपूर_सेकंड_शिफ्ट

थोडा वेगळा प्रश्न. आमच्या कारखान्यात आरोग्य शिबिरात ‘रक्तातून सर्व कॅन्सरची तपासणी’ असं पॅकेज घेऊन एक जण आला होता. चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांनी करावं म्हणतो. आपल्या नाशिकचीच दातार कॅन्सर जेनेटिक्स अशा पेशींच्या तपासणीवर काम करते आणि त्यांच्या स्तनाच्या कॅन्सरच्या चाचणीला अमेरिकेची मान्यताही मिळालीय असं वाचलं. मग करून घ्यायला काय हरकत आहे? (शिबिरातला माणूस दुसऱ्याच कुणाचा होता.)

सूक्ष्मदर्शी

नाशिकमध्ये असं काम होतंय याचं मलाही कौतुक आहे. फक्त एक नीट समजून घेऊ. त्या चाचणीला २०२१ मध्ये एफडीएने ‘ब्रेकथ्रू’ दर्जा दिला. हा दर्जा म्हणजे उपकरण आश्वासक आहे, पुढची छाननी लवकर करू, एवढंच. त्याला मंजुरी म्हणत नाहीत. हा नियम कुठल्याही कंपनीच्या कुठल्याही चाचणीला लागू आहे.

निरोगी माणसांची तपासणी आणि आत्यांची तपासणी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आत्यांना कॅन्सर आहे हे माहीत आहे, म्युटेशनही माहीत आहे. प्रश्न एकच आणि उत्तरावर गोळी ठरणार आहे. शिबिरातल्या माणसाला काय विचारायचं तेच ठरलेलं नाही. समजा १,००० जणांत खरोखर ५ जणांना कॅन्सर आहे आणि चाचणी निरोगी माणसाला ९९ टक्के वेळा बरोबर निरोगी ठरवते. तरी दहाएक निरोगी माणसं ‘संशयित’ निघतील, म्हणजे खऱ्या रुग्णांच्या दुप्पट. मग त्यांचे पेट स्कॅन, घरातली झोपमोड, कर्ज.

म्युटेशनवर आधारलेल्या तपासणीत आणखी एक सापळा आहे. वय वाढतं तसं अस्थिमज्जेतल्या काही पेशींत डीएनएमटी३ए, टीईटी२ अशा जनुकांत म्युटेशन होतं आणि त्यांची प्रजा रक्तात वाढते. साठी-सत्तरीनंतर हे बऱ्याच जणांत आढळतं. हा कॅन्सर नव्हे, पण रक्तात म्युटेशन तर दिसतं. म्हणून चांगली लॅब त्याच माणसाच्या पांढऱ्या पेशींचा डीएनएही वाचते आणि दोन्हीकडे दिसणारं म्युटेशन वगळते. पॅकेजवाल्याला हा एक प्रश्न विचारा, पांढऱ्या पेशी जोडीने तपासता का?

आणि तोवर तोंडाची तपासणी करून घ्या, कंपनीत गुटखा खाणारे असतीलच. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तिन्हींची तपासणी तिशीपुढच्यांसाठी सरकारी कार्यक्रमात मोफत आहे. त्याला फार कमी लोक जातात याचं वाईट वाटतं.

रातराणी

माझी ब्रेस्टची ट्रीटमेंट पूर्ण झालीय, आता फॉलोअपवर आहे. मी वॉर्डमध्ये नाइट ड्युटी करते. कॅन्सरच्या पेशी झोपेत जास्त सुटतात असं वाचलं तेव्हापासून डोळ्याला डोळा लागत नाही. खरं आहे का हे?

सूक्ष्मदर्शी

रातराणीताई, असा अभ्यास आहे. २०२२ मध्ये नेचर या नियतकालिकात स्वित्झर्लंडच्या गटाने छापला. स्तनाच्या कॅन्सरच्या ३० रुग्ण स्त्रियांचं रक्त पहाटे आणि दिवसा घेतलं, तेव्हा झोपेच्या वेळच्या नमुन्यात पेशी जास्त होत्या. पण त्या स्त्रियांच्या अंगात कॅन्सर होता. झोप घेतली म्हणून कॅन्सर परततो किंवा जागं राहिलं तर टळतो, असं त्यातून अजिबात निघत नाही. त्याचा उपयोग रक्त कधी घ्यावं हे ठरवायला होईल. तुम्ही निवांत झोपा. ड्युटीचं वेळापत्रक बदलून हवं असेल तर ते थकव्यासाठी मागा, या भीतीपोटी नको.

ओझरकर_अण्णा

सोनचाफा, तुझ्या आत्याला हे म्युटेशन म्हणजे तुम्हा भावंडांनाही असणार का? माझ्या मुली हाच प्रश्न विचारतायत, आमच्याकडे मावशीला झाला होता.

देवळाली_कॅम्प

अण्णा, आत्यांचं म्युटेशन गाठीत जन्मलेलं आहे, रक्ताच्या नात्यातून आलेलं नाही. त्यासाठी भाच्यांची तपासणी करायची गरज नाही. बीआरसीए जनुकाचं वेगळं, ते आईवडिलांकडून येऊ शकतं. तुमच्या मावशींना स्तनाचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर कमी वयात झाला असेल तर मुलींना जेनेटिक समुपदेशकाकडे जरूर न्या.

निफाडकर

माझा एक अनुभव राहिला. वडिलांच्या ऑपरेशननंतर केमो द्यायची की नाही यावर डॉक्टरांनी रक्तातल्या डीएनएचा विषय काढला होता. ऑपरेशननंतर रक्तात गाठीचं म्युटेशन राहिलंय का ते बघतात म्हणे. हे कितपत पक्कं आहे?

सूक्ष्मदर्शी

या क्षेत्रातला मला सर्वांत जवळचा वाटणारा उपयोग हाच. ऑस्ट्रेलियात दुसऱ्या टप्प्याच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ४५५ रुग्णांवर डायनॅमिक नावाची चाचणी झाली, निकाल २०२२ मध्ये आले. एका गटात ऑपरेशननंतर रक्तात रुग्णाचं म्युटेशन सापडलं तरच केमो, दुसऱ्या गटात नेहमीच्या निकषांवर. पहिल्या गटात १५ टक्क्यांना केमो द्यावी लागली, दुसऱ्यात २८ टक्क्यांना. दोन वर्षांनी आजार न परतलेले ९३.५ आणि ९२.४ टक्के. म्हणजे जवळपास निम्म्या केमो वाचल्या आणि नुकसान झालं नाही. केमोनंतर ज्यांच्या हातापायांना मुंग्या राहतात आणि शर्टाची बटणं लावता येत नाहीत त्यांना यातला फरक विचारा.

याच्या उलट उदाहरणही आहे, म्हणजे सरसकट भुलायला नको. स्तनाच्या कॅन्सरमध्ये केमोच्या पहिल्या फेरीनंतरही रक्तातल्या पेशी कमी झाल्या नाहीत तर केमो लगेच बदलून बघितली. २०१४ मध्ये छापलेल्या त्या अमेरिकन चाचणीत रुग्ण जास्त जगले नाहीत. पेशींनी धोका बरोबर ओळखला होता, पण बदलून दिलेलं औषधच तितकं प्रभावी नव्हतं. म्हणून मी प्रत्येकाला सांगते, रक्त देण्याआधी डॉक्टरांना विचारा की रिपोर्ट असा आला तर काय कराल आणि तसा आला तर काय कराल. दोन्हींचं उत्तर एकच असेल तर पैसे वाचवा.

सोनचाफा_पंचवटी

सगळ्यांचे मनापासून आभार. रिपोर्ट आला. टी७९०एम: सापडलं नाही. एक्झॉन १९ डिलीशन: सापडलं नाही. देवळाली_कॅम्प डॉक्टरांचा प्रतिसाद वाचलेला होता म्हणून आनंद साजरा केला नाही. काका तर पेढे आणायला निघाले होते.

आमच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, या रक्तातून काही कळलेलं नाही, तुकडा घ्यावा लागेल. आत्याशी ते स्वतः बोलले. ‘गाठीने मुखवटा बदललाय का एवढंच बघायचंय’ असं म्हणाले आणि हवा साठण्याचा धोकाही लपवला नाही. ती तयार झाली. पुढच्या आठवड्यात सीटीखाली बायोप्सी आहे. तुकड्यावर फक्त टी७९०एमच बघायला सांगू की आणखी काही?

देवळाली_कॅम्प

आधी पॅथॉलॉजिस्टला पेशींचा प्रकार पाहू द्या. या गोळ्यांनंतर काही रुग्णांत ॲडेनोकार्सिनोमाचं रूपांतर स्मॉल सेल प्रकारात होतं आणि मग उपचारच बदलतात. हे सूक्ष्मदर्शकाखालीच नीट कळतं, रक्तावर नाही. त्यानंतर टी७९०एम, आणि तुकडा पुरेसा असेल तर मेट जनुकाच्या प्रती वाढल्यात का तेही, कारण त्यानेही गोळी निकामी होते.

ओसिमर्टिनिब लागलीच तर खर्चाने आधीच घाबरून जाऊ नका. २०२४ च्या अर्थसंकल्पात त्यावरचं सीमाशुल्क माफ झालंय, आणि रुग्णालयातल्या समाजसेवकाकडे रुग्णसाहाय्य योजनेची चौकशी करा.

सूक्ष्मदर्शी

आणि ताई, पहिल्या बायोप्सीचा तुकडा ज्यात जपलेला असतो तो मेणाचा ब्लॉक कुठे आहे ते आजच विचारून ठेवा. तो रुग्णाच्या नावाने मिळतो, अर्ज करून पावती घ्यावी लागते. नवा तुकडा फारच लहान निघाला तर जुन्याशी ताडून बघायला पॅथॉलॉजिस्टला तो लागतो. मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात दुसरं मत घ्यायचं ठरलं तर दोन्ही ब्लॉक आणि काचा (स्लाइड्स) सोबत न्या, नुसते कागद नेले तर पंचवटी एक्सप्रेसचा हेलपाटा होतो. ब्लॉक उन्हात ठेवू नका, मेण मऊ होतं.

सोनचाफा_पंचवटी

ब्लॉक पहिल्या रुग्णालयातच आहे, उद्या सकाळी भाऊ अर्ज घेऊन जातोय. बायोप्सीचा रिपोर्ट आला की इथेच टाकते.